वळणावरचा चुना

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही पुढे सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. ती धरणाच्या पोटात घडली, आणि तिथे आवाज चढवला की भिंती तो जसाच्या तसा परत करतात. देव सगळं बघतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. माणूस माणसाकडे बघतो तेव्हा मात्र काय बघतो आणि काय बघायचं टाळतो, ते आज सांगतो. पूर्वरंग लांबवत नाही. गोष्ट एका वहिनीची आहे.

नात्याने ती एकाचीच वहिनी. पण वीजकेंद्रातले झाडून सगळे तिला वहिनीच म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे फिटरसुद्धा. झालं होतं असं, की नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिचा धाकटा दीर फाटकापासून तिच्या मागे ओरडत आला होता, वहिनी, डबा विसरलीस. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शिकलेली इंजिनिअर बाई. धरणाची भिंत, पाण्याची दारं आणि भिंतीच्या आतून जाणारा तपासणीचा बोगदा, हे सगळं तिच्या देखरेखीखाली. पुढे दीरही तिथेच लागला. तो बोगद्यातले पंप सांभाळायचा. कितीही मजबूत असली तरी धरणाची भिंत थोडी पाझरतेच. ते पाणी बोगद्यातल्या खड्ड्यात जमतं आणि पंप ते बाहेर फेकतात. खड्डा किती भरला, पंप किती वेळ चालला, यावरून भिंतीची प्रकृती कळते.

दीर बोलायला महा कंजूष. शब्द जणू त्याच्या पगारातून कापले जायचे. म्हणून लोक त्याला मौनीबुवा म्हणत. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो दप्तर फरपटत शाळेत जाण्याच्या वयाचा होता, आणि सासू आधीच देवाघरी गेलेली. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला त्रिकोणमिती शिकवण्यापर्यंत सगळं वहिनीनेच केलं. ती त्याला अरेतुरे करायची, तोही तिला तू म्हणायचा. घरात तिसरा माणूस म्हणजे तिचा नवरा, वसाहतीच्या शाळेत मास्तर. जगातली सगळी भांडणं खोडरबरावरून होतात, असं त्याचं ठाम मत होतं.

आता नदीचं सांगतो. नदीवर एकाखाली एक अशी तीन वीजकेंद्रं होती. तिन्ही एकाच पिढीतली, म्हणजे तिन्ही आता म्हातारी. निवृत्त माणसाला जसा हयातीचा दाखला द्यावा लागतो, मी अजून आहे बरं का, असं सांगावं लागतं, तसंच या केंद्रांचं झालं होतं. त्यांचे परवाने संपत आले होते. नवा परवाना मिळायचा तर परवाने देणाऱ्या आयोगाचा तपासनीस येणार, भिंती ठोकून बघणार, आणि त्याने मान हलवली तर पुढची तीस वर्षं निश्चिंती. नाही हलवली तर यंत्रं बंद आणि वसाहत रिकामी.

वरच्या केंद्राचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या लोकांनी भिंतीतली भेग सिमेंटने लिंपली, वरून ताजा रंग दिला आणि तपासनिसाला चहा पाजला. त्याने चहा प्यायला, भिंतीवर नख फिरवलं आणि निघून गेला. वर्षाच्या आत त्या वसाहतीतल्या खिडक्यांना पडदे राहिले नाहीत. त्यामुळे मधल्या केंद्रात, म्हणजे वहिनीच्या केंद्रात, रंगाचा डबा दिसला तरी लोक दचकायचे. थोरल्या साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, तर तपासणी होईपर्यंत कुठल्याही भिंतीला कुंचला लावायचा नाही, असं तोंडी फर्मानच काढलं होतं.

परवान्याचा अर्ज वहिनीने तयार केला होता. त्यात एक वाक्य होतं आणि त्या वाक्याखाली तिची सही होती: आम्हाला ठाऊक असलेलं काहीही आम्ही लपवलेलं नाही. सही करताना तिचा हात अडखळला नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्या जिवाला लागलं ते हेच वाक्य.

तपासणीला आठवडा उरला होता. सकाळी वहिनी बोगद्यात उतरली तेव्हा आधी तिच्या नाकाला कळलं. एरवी तिथे ओल्या काँक्रीटचा, ग्रीसचा आणि शेवाळाचा वास. आज त्यात चुना होता. ती जाळीतल्या दिव्यांखालून चालत गेली. कडेच्या नाल्यातून पाण्याची बारीक धार तिच्या उलट्या दिशेने वाहत होती. बोगदा पुढे जिथे वळतो तिथले दिवे बंद होते. तारांना ओल धरली होती, म्हणून तिनेच ते बंद ठेवायला सांगितले होते. तिने टॉर्च लावला.

वळणावरची भिंत पांढरीशुभ्र होती. छतापासून नाल्यापर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भिंतीवर वर्षानुवर्षांच्या पाझराने क्षारांच्या दाढ्या उगवल्या होत्या, त्या खरवडून टाकलेल्या. जुने तांबूस ओघळ गेले. आणि ती जुनी भेग, जी सगळ्यांना माहीत होती, आयोगालाही माहीत होती, तिच्यावर आडव्या बसवलेल्या काचेच्या पट्ट्याही चुन्याखाली दिसेनाशा झाल्या. या पट्ट्या म्हणजे भेगेची नाडी. भेग हलली तर काच तडकते. काच शाबूत म्हणजे भेग झोपलेली. आता नाडीच झाकली होती.

तिने टॉर्च खाली धरला. फरशीवर चुन्याचे थेंब पडले होते, आणि ते थेंब एकामागे एक पंपाच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते.

पंपाच्या खोलीची किल्ली एकाकडेच असायची.

मंडळी, त्याच वेळी तिने ते दार ठोठावलं असतं आणि विचारलं असतं, की बाबा रे, हे काय केलंस, तर गोष्ट तिथेच संपली असती आणि तुम्हाला जवळ बोलवायची वेळ माझ्यावर आली नसती. पण ती दारापाशी गेली, हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तिला ते वाक्य आठवलं: आम्हाला ठाऊक असलेलं. विचारलं तर कळणार. कळलं की ठाऊक झालं. मग एकतर सही खोटी, नाहीतर घरचा माणूस चोर. न विचारलं तर निदान आठवडाभर दोन्ही झाकून राहत होतं. शहाण्या माणसाला मूर्खपणा करायचा असला की तो असाच हिशेबाने करतो.

त्या दिवसापासून वहिनीच्या डोळ्यांना वेगळाच चष्मा लागला. दीर रात्रीचा शर्ट स्वतःच धुवायला लागला होता; एरवी कपडे खुंटीवरून खाली पडले तरी त्याला पत्ता नसायचा. ती मोरीत गेली तर बादलीतल्या पाण्यावर पांढरी साय. भांडाराच्या कारकुनाशी ती सहज बोलायला म्हणून थांबली आणि चुन्याचा विषय काढला. कारकून म्हणाला, मौनीबुवा घेऊन गेले की, म्हणाले घरचं काम आहे. घराच्या भिंती तर तिच्या लग्नाइतक्याच जुन्या रंगाच्या होत्या. दुपारच्या सुट्टीत सगळे झाडाखाली डबे उघडायचे. दीर मात्र टॉर्च घेऊन खाली जायचा आणि वर आल्यावर मातीकडे बघत जेवायचा. एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की खाली इतका वेळ काय करतोस. तो म्हणाला, जरा काम होतं. एवढंच. पूर्वी हे त्याचं मौन तिला गरीब वाटायचं. आता तेच बेरकी वाटायला लागलं.

त्यातच तिने त्याला थोरल्या साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. दार आतून बंद होतं. साहेबांचा आवाज गोड लागला होता, आणि साहेबांचा आवाज गोड लागला की कुणाची तरी मान कापली जाते, हे केंद्रातल्या मांजरालाही कळत असे. दीर बाहेर आला, तिला बघून थबकला आणि जिन्याकडे वळला. बस्स, वहिनीच्या मनात गाठ पक्की बसली. साहेबांनी भेग झाकायला सांगितली, याने झाकली. बढतीचं गाजर दाखवलं असणार. ज्याला आपण घास भरवला त्याने आपल्याच सहीवर चुना फासला.

आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, पण तिचा अर्थ मात्र तिने उलटा लावला. दीरही तिच्यावर नजर ठेवत होता. ती टेबलावरून उठली की तो काहीतरी निमित्त काढून खोलीत यायचा आणि तपासणीच्या वेळापत्रकात डोकावायचा. वळणाची पाहणी त्यात आहे की नाही, हे त्याला बघायचं होतं. तिने ते पाहिलं आणि टेबलाच्या खणाला कुलूप लावलं. त्याने ते कुलूप पाहिलं. एका छपराखाली दोन माणसं अशी वावरू लागली, की आमटी वाढतानाही वाडग्यावरून एकमेकांचे डोळे मोजायची.

मास्तर दोन दिवस हे बघत होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, तुम्ही दोघं असे बघताय जणू एकाने दुसऱ्याचं खोडरबर चोरलंय. विचारून का टाकत नाही? त्यावर वहिनी म्हणाली, भाऊजींना विचारा, त्यांचं वजन वाढलंय हल्ली केंद्रात. दिराने मान वर केली. भाऊजी. त्याच्या आयुष्यात तिने त्याला ते कधी म्हटलं नव्हतं. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि म्हणाला, तुम्ही जेवून घ्या. त्याच्या तोंडून तुम्ही आलं तेव्हा मास्तरच्याही हातातला घास थांबला.

देवाशपथ सांगतो, भांडून माणसं तुटत नाहीत इतकी अशी आदराने तुटतात.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीस आला तो म्हातारा, सुकलेला, नाकाच्या टोकावर चष्मा आणि हातात लहानशी हातोडी. त्याच्याबद्दल बोललं जायचं, की हा स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागतो. सकाळभर त्याने यंत्रशाळा पाहिली. जनित्राच्या कवचावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहिला, वैद्य रोग्याच्या छातीवर ठेवतो तसा. दारांच्या साखळ्या पाहिल्या, कुणी नवं ग्रीस कुठे जास्त थापलंय ते पाहिलं. जिथे जिथे वस्तू चकचकीत होती तिथे तो जास्त वेळ थांबायचा. थोरले साहेब प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधी हसत होते.

दुपारनंतर बोगदा आला. साहेब पुढे, तपासनीस मधे, मागे वहिनी, आणि सगळ्यांच्या मागे पंपवाला म्हणून दीर. खड्डा कोरडाठाक होता. तपासनिसाने त्यात वाकून पाहिलं आणि तो पुढे निघाला. वहिनीने मात्र पाहिलं आणि ती जागीच थांबली. हा खड्डा कोरडा तिने कधीच पाहिला नव्हता. दोन्ही पंप सकाळपासून सलग चालवले असतील तरच असा दिसेल. म्हणजे चुनाही, पंपही. तिने मागे वळून दिराकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत अपराध नव्हता, तर घृणा होती. तिला ते काही केल्या समजेना.

वळणाच्या अलीकडे साहेब थांबले. पुढे दिवे नाहीत, तारा खराब आहेत, जुनीच नोंदलेली भेग आहे, आणि वर चहा निवतोय, असं सगळं एका दमात सांगून त्यांनी परतीच्या दिशेने हात केला. म्हातारा जागचा हलला नाही. त्याने दोनदा नाकाने हवा ओढली.

“कुणाच्या घरी लग्न आहे का? चुन्याचा वास येतोय.”

त्याने स्वतःचा दिवा लावला आणि वळण घेतलं. पांढरी भिंत अंगावर आली. त्याने भिंतीवर नख फिरवलं. नखाखाली चुना भरला. त्याने तो टिचकीने झटकला. वरच्या केंद्राची गोष्ट तिथल्या प्रत्येकाच्या मनात एकदम उभी राहिली. साहेब म्हणाले, नेहमीची डागडुजी आहे, बोगद्यात उजेड राहावा म्हणून. मग ते वहिनीकडे वळले आणि म्हणाले, यांच्याच देखरेखीखाली झाली ती, विचारा त्यांना.

तपासनिसाने विचारलं. बाई, हे तुमच्या सांगण्यावरून झालं का?

हो म्हटलं असतं तर? कदाचित म्हाताऱ्याने भुवई उंचावली असती, एखादा शेरा मारला असता आणि प्रकरण निभावलं असतं. परवाना, तीस वर्षं, शाळा, सगळ्यांची घरं, तिचं स्वतःचं घर. आणि दीरही वाचला असता. वहिनीने एकदा डोळे मिटले. त्या क्षणी तिने कुणाचा धावा केला ते तिलाच ठाऊक.

“नाही,” ती म्हणाली. “मला न विचारता लावलाय. आठवडा झाला मी बघितल्याला, आणि मी कुणाला बोलले नाही. खाली काय आहे मला माहीत नाही. ती हातोडी द्या, तुमच्यासमोर खरवडते.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण मागचा माणूस निघून गेल्यासारखं. म्हाताऱ्याने हातोडी तिच्या हातात दिली. ती भिंतीपाशी गेली आणि पहिला घाव घालणार तोच मागून हात आला. दिराने तिचं मनगट धरलं.

“खरवडू नको.”

आता सांगा, तिथे उभ्या असलेल्या कुणाला काय वाटलं असेल? चोर स्वतःच्याच तोंडाने बोलला, असंच. साहेबांनी तर तत्काळ आवाज लावला, की हा काय प्रकार, कुणाच्या परवानगीने. दिराने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने म्हाताऱ्याच्या हातातला दिवा घेतला, भिंतीला चिकटून जमिनीलगत धरला आणि उजेड भिंतीच्या कडेकडेने सोडला.

जुन्या भेगेपासून चार हात पुढे, जिथे बांधताना आदल्या दिवसाच्या काँक्रीटवर दुसऱ्या दिवसाचं ओतलेलं असतं, त्या आडव्या सांध्यावर पांढऱ्या चुन्यात एक करडा डाग उमटला होता. कडा तांबूस. वहिनीने तळहात लावला. भिंत ओली होती, आणि थंड.

“लपवायला नाही लावला,” दीर म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं बहुधा ते सर्वात लांब भाषण होतं. “दिसावं म्हणून लावला. जुन्या डागांमध्ये नवी ओल कळत नव्हती. कोऱ्या चुन्यावर कळते. रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन बघत होतो. काल परवापर्यंत हा वीतभर होता, आज हातभर झालाय.”

“मग मला का नाही सांगितलंस?” वहिनीने विचारलं.

“सांगितलं होतं. परवाना अर्ज चालू होता तेव्हा. म्हटलं, वळणावर ओल वाटते. तुम्ही म्हणालात, नदीच्या पोटात ओल नसेल तर काय असेल, आता नको, ते परवान्यानंतर बघू. मग इथले दिवे बंद करायला सांगितलंत. मग साहेबांनी बोलावून सांगितलं, तपासणीच्या दिवशी दोन्ही पंप सकाळपासून चालू ठेव, खड्डा कोरडा दिसला पाहिजे, तुझ्या वहिनीलाही हेच हवंय.” त्याने दिवा म्हाताऱ्याला परत दिला. “मी किल्ली दिली नाही. आज सकाळी त्यांनी कचेरीतली जादा किल्ली काढून दुसऱ्याकडून पंप लावून घेतले. मला वाटलं, तुम्ही सगळे मिळून लपवताय.”

वहिनीला ते आठवलं. अगदी लख्ख आठवलं. हातात अर्जाचे कागद होते, टेलिफोन वाजत होता, आणि तो दारात उभा राहून काहीतरी म्हणाला होता. ती हसली होती. तिने लपवलं नव्हतं हे खरं. पण तिला ते बघायचंही नव्हतं, हेही तितकंच खरं. दिवे तारांसाठी बंद केले होते. तारा दुरुस्त करायला मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारा तपासनीस आता दिराकडे वळला आणि कौतुक करेल असं वाटत असताना त्याच्यावरच घसरला. म्हणाला, हुशारी केलीस आणि पाठोपाठ गाढवपणाही केलास. नवी ओल दिसावी म्हणून जुन्या खुणा पुसल्यास. क्षार गेले, ओघळ गेले, काचा झाकल्यास. आता जुनी भेग हलली की नाही, आणि ही नवी ओल तिचीच बहीण आहे की वेगळी, हे मी कशावरून सांगू? दिराची मान खाली गेली. त्याला हे सुचलंच नव्हतं. सगळ्यांवर संशय घेण्याच्या नादात त्याने साक्षीदारच रंगवून टाकले होते.

तेव्हा वहिनीने रुमाल नाल्यात भिजवला. डोळे मिटूनही तिला जागा सापडली असती. छातीच्या उंचीवर तिची बोटं चुन्यावरून सरकत गेली, एके ठिकाणी थांबली, आणि ती ओल्या रुमालाने पुसू लागली, तान्ह्या बाळाचा चेहरा पुसावा तशी. चुना विरघळून ओघळला. खालून काच निघाली. म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवून नाक भिंतीला लावलं. काच अखंड होती. तिने दुसरी पुसली, मग तिसरी. अखंड.

जुनी भेग झोपलेली होती. पाणी दुसरीकडून येत होतं.

म्हाताऱ्याने हातोडी परत घेतली आणि वहिनीला विचारलं, अर्जातल्या त्या वाक्याचं आता काय करायचं. थोरले साहेब मधे पडले. म्हणाले, बाई भावनेच्या भरात आहेत, आपण वर बसून शांतपणे बोलू, ओल काय आज आहे उद्या नाही. वहिनीने त्यांना हाताने थांबवलं.

“ते वाक्य मी परत घेते,” ती म्हणाली. “मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. म्हणजे मला ठाऊक होतं, असंच लिहा. याचं नाव नका लिहू. माझं लिहा.”

तीस वर्षांवर, वसाहतीच्या पडद्यांवर आणि स्वतःच्या नावावर एका श्वासात पाणी सोडलं तिने. मोठमोठ्या त्यागाच्या कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. त्यातले लोक निदान उजेडात उभे असतात. ही बाई जमिनीखाली, पंपाच्या घरघरीत, ओला रुमाल हातात धरून उभी होती.

वर येताना जिन्यात दोघं मागे राहिली. मग ती म्हणाली, मला विचारायचं होतंस पुन्हा. तो म्हणाला, तू विचारलंस मला? दारापर्यंत येऊन परत गेलीस. मी आतच होतो, सावली पाहिली फटीतून.

ती एका पायरीवर बसली. तो खालच्या पायरीवर. दोघांच्या हातांना चुना लागला होता आणि तो वाळून कातडी ओढत होता.

“तू चोर आहेस असं वाटलं रे मला,” ती म्हणाली.

“मलाही. तू.”

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्या दोघांना हसू फुटलं. पंपांच्या आवाजावरून ऐकू येईल इतकं. वरून साहेबांचा माणूस वाकून बघून गेला. त्याला वाटलं, यांना वेड लागलं.

परवाना मिळाला नाही. मिळाली ती वर्षभराची सवलत: पाण्याची पातळी खाली ठेवायची, एकच यंत्र चालवायचं, आणि तो सांधा फोडून आतून बुजवायचा. एका यंत्राला लागतात त्यापेक्षा माणसं जास्त होती, तेव्हा अर्ध्या वसाहतीला सामान बांधावं लागलं. नळावर बायका वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, सत्याची पुतळी आली, बाजूला व्हा. थोरल्या साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर झाली, हेही सांगायला हवं. देवाचा न्याय असतो, पण तो नेहमी आपल्याला दिसेल अशा ठिकाणी ठेवलेला नसतो. वहिनीकडचं धरणाचं काम काढून घेतलं आणि तिला नकाशांच्या खोलीत बसवलं. तिथे बसून ती जुन्या नकाशांवरची धूळ झटकायची, आणि दीर दुपारी डबा घेऊन तिच्याकडे यायचा. बोलायचा नाही. पण आता त्याच्या न बोलण्याचा ती अर्थ लावत बसत नव्हती. काही वाटलं तर सरळ विचारायची.

सांधा फोडला तेव्हा मागे काय निघालं? पाण्याने आतल्या आत खांद्यापर्यंत हात जाईल एवढी पोकळी कोरली होती. पातळी चढलेली असती तर पुढच्या पुरात ती भिंत टिकली असती की नाही, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. भांडोत बापडे. भांडायला जागा राहिली आहे, हेच पुष्कळ.

धरणाच्या खाली नदीकाठाला मोठं गाव आहे. बाजार आहे, शाळा आहे, पुलाखाली धुणं वाळत घालणारी माणसं आहेत. त्यांना यातलं काही माहीत नाही. वळणावर एके दिवशी चुना लागला होता, हे त्यांच्या कानावर गेलेलं नाही आणि जाणारही नाही. ती माणसं रोज रात्री बिनघोर झोपतात. कुणामुळे, हे त्यांना कधी पडलेलं नाही.

तर माझं एवढंच मागणं आहे. आज घरी जाल, देवापुढे हात जोडाल, ज्यांच्या त्यांच्यासाठी जे मागायचं ते मागाल. ते झालं की हात तसेच क्षणभर जोडलेले ठेवा, आणि जिने स्वतःचंच वाक्य परत घेतलं, त्या बाईची आठवण काढा.